पोस्टाने गेलेला नेचा

नोला केर्स्लेकला जंगलात नेणं सोपं, बाहेर काढणं महाकठीण.

तीस वर्षं तिने कॅटलिन्सच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात पोस्ट सांभाळलं. पाकिटावरचं अक्षर बघून कुणाचं पत्र आहे हे ती सांगायची. निवृत्त झाली आणि तीच नजर तिने पानांवर लावली. गळ्यात भिंग, खिशात वही. मिरोचं झाड कोणतं नि मताईचं कोणतं, हे पान उलटून पाठ पांढुरकी आहे का ते बघून ठरवायचं, हे तिने गावातल्या प्रत्येकाला निदान दोनदा तरी शिकवलं होतं. हुपिरोचं पान चुरगळून ती नवख्या माणसाच्या नाकाखाली धरायची. सडक्या अंड्याच्या वासाने त्याचं तोंड वाकडं झालं, की म्हणायची, "बघा, आता जन्मात विसरणार नाही!"

तिचा नवरा डेस बोटीवरून उतरता उतरता म्हणायचा, "लग्नाआधी मला एवढं निरखून बघितलं असतंस, तर नाहीच म्हणाली असतीस."

तिच्याबरोबर जंगलात जायला एकच माणूस राजी असे, तिची मैत्रीण हूहाना. हूहाना इथलीच, झाडांची नावं आजीच्या मांडीवर शिकलेली. तिला ना भिंग लागे ना वही. नोलाचं व्याख्यान सुरू झालं, की ती ओंडक्यावर बसून चीज रोल खायची.

मार्च महिन्यात हूहानाच्या भावाच्या मेंढवाड्यामागच्या रानात, अगदी कड्याच्या टोकाला, नोलाला एक झुडूप दिसलं. काटक्यांचा नुसता गुंता आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढी पानं. असली एकसारखी दिसणारी झुडपं तिथे डझनावारी. पण याची पानं जाड आणि मुडपलेली होती.

"हूहाना, हे नवीन आहे! कुठल्याच पुस्तकात नाही."

"नवीन कसलं अगं! खारा वारा लागलाय बिचाऱ्याला. स्वतःचे केस बघ एकदा."

नोलाने तिकडे कानाडोळा केला आणि एक फांदी कापली. वाटेत, ती वहीत पानांची लांबी-रुंदी लिहीत असताना, हूहानाने ओढ्याकाठच्या पडक्या ओंडक्यावरचं मूठभर ओलं शेवाळ ओरबाडलं आणि फांदी सुकू नये म्हणून तिला गुंडाळलं. फांदी डब्यात बंद होऊन दुसऱ्या दिवशी पोस्टाने डनिडिन शहरात, वनस्पतीतज्ज्ञ डॉ. व्हेलन यांच्याकडे रवाना झाली.

नंतरचे तीन आठवडे नोला फोनच्या आसपासच घुटमळत होती. झुडपाचं लॅटिन नावसुद्धा तिने ठरवून टाकलं होतं, केर्स्लेकी.

"आडनाव माझं आहे," डेस म्हणाला. "म्हणजे झुडूप माझ्या नावावर. वा!"

शेवटी एकदाचा फोन आला.

"झुडूप साधंच आहे हो," डॉ. व्हेलन म्हणाल्या. "समुद्राच्या वाऱ्याने पानं तशी झालीत. पण मला सांगा, ते गुंडाळलं होतं कशात?"

"शेवाळात."

"शेवाळ नव्हे ते, नेचा आहे. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. तुमच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षांत कुणाला दिसलेला नाही."

नोलाने फोन ठेवला. भिंग गळ्यात होतं, तरी तिने त्या गुंडाळीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हूहानाला हे कळलं तेव्हा हसून हसून ती पायरीवरच बसली.

पण दुसऱ्या दिवशी दोघी ओढ्याकाठी गेल्या, तेव्हा हसू मावळलं. ओंडक्यावर हाताच्या पंजाएवढा उघडा डाग होता आणि बाकी सगळीकडे खरंच शेवाळ.

"हूहाना," नोला त्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "होता नव्हता तेवढा सगळा आपण पोस्टाने पाठवला की काय?"

हूहानाने बाह्या सरसावल्या. ती चिखलात पालथी पडली आणि तिने खांद्यापर्यंत हात ओंडक्याखाली घातला. चाचपत राहिली, मग म्हणाली, "ये. आडवी हो. कपड्यांचं नंतर बघू."

नोला आडवी झाली. ओंडक्याच्या खालच्या बाजूला, अंधाऱ्या ओलीत, नेचा हातभर पसरला होता. एका पानामागे हूहानाने बोट धरलं, तर पानातून नखसुद्धा दिसलं. नोलाने भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

"भिंग नाही गं, डोळे पूस आधी," हूहाना म्हणाली.

महिन्याभराने डॉ. व्हेलन स्वतः आल्या. हूहानाच्या भावाने मेंढरं आत शिरू नयेत म्हणून ओढ्याला कुंपण घातलं. नमुन्याबरोबर जायच्या कार्डावर 'कोणी गोळा केला' अशी एक रिकामी ओळ होती. डॉक्टरीणबाईंनी पेन नोलाच्या हाती दिलं.

नोलाने पेन धरून ठेवलं. बराच वेळ. डेसने खोकून पाहिलं. मग तिने आपल्या ठसठशीत पोस्टातल्या अक्षरात हूहानाचं पूर्ण नाव लिहिलं.

हूहाना खांद्यावरून डोकावत म्हणाली, "पुढे कंसात लिही, पॅकिंगवाली."

"गप बस," नोला म्हणाली आणि तिने कार्डावर फुंकर घालून शाई वाळवली.