घरमालकांच्या गाडीचं बूच

नागपुरात त्या काळी ओळखीपाळखीचं असं एकही अंगण नव्हतं, जिथं आमच्या घरमालकांच्या गाडीनं तेलाचा डाग पाडला नव्हता. सत्तर सालाच्या आसपास मी धंतोलीत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. सरकारी शाळेत शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणत. गाडी जुनी, विलायती, रंगानं हिरवी आणि स्वभावानं गळकी. कुणाकडे गेले की ते आधी डिकीतून जुनी वर्तमानपत्रं काढून गाडीखाली अंथरत, मगच कडी वाजवत. तरी डाग पडायचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन स्वारी तिथं फरशी पुसायला हजर! एका व्याह्यांनी तर हात जोडून सांगितलं होतं, "चार दिवस राहा, पण पायी या."

गाडीला नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. दोष सगळा सीताबर्डीच्या मिस्त्रीचा. त्या बिचाऱ्यानं तीन वर्षांत इंजिनाची सगळी सीलं आणि पॅकिंग बदलून पाहिली. एकीकडची गळती थांबली की दुसरीकडून सुरू. "मिस्त्री कायचा गा तो! त्याले सायकलचं पंक्चर काढता येत नाही," असं हे भर चौकात, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगत.

घरमालकीणबाईंनी मात्र गाडीशी संबंध तोडले होते. एका लग्नाला जाताना शालूच्या काठाला काळं तेल लागलं, तेव्हापासून त्यांनी गाडीत पाय ठेवला नव्हता. अशात वर्ध्याहून पत्र आलं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं अंथरूण धरलंय. बाईंनी पिशवी भरली.

"घरी गाडी असून तू बसनं जाशील वं?" घरमालकांनी विचारलं.

"मले लुगडं नेसून जायचं आहे, तेल लावून नाही. उद्या सकाळी निघून राहिली मी."

मला सोबत घेऊन ते तडक सीताबर्डीला. मिस्त्री या वेळी गाडीखाली बराच वेळ पडून राहिला आणि इंजिनाच्या बाजूच्या वाकड्या नळीतून त्यानं काहीतरी उपसून काढलं. लाकडी बूच!

"हे कोणी ठोकलं?"

घरमालकांनी बुचाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मीच," ते म्हणाले. त्या नळीतून धूर येतो, अशी बाईंची कुरकुर होती, म्हणून स्वतःच्या हातानं ठोकलेलं.

"साहेब, इंजिन चाललं की आत वायू साठते. ही त्याची बाहेर जायची वाट. वाटच बंद केली, त तो तेलाले ढकलणार नाही त काय करणार?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार इंजिनानं तीन वर्षं सोसला होता, आणि मिस्त्रीनंही. घरमालकांनी भर रस्त्यात त्याच्यापुढे हात जोडले. "लय वाईट बोललो गा मी तुमच्याबद्दल."

"मालूम आहे, साहेब. लोकं येऊन सांगत होते न."

ही हकीगत घरमालकांनी घरी जाऊन बाईंना जशीच्या तशी सांगितली. दुसऱ्या दिवशी मी मागे बसलो, बाई पुढच्या सीटवर बसल्या आणि बुटीबोरीपर्यंत पदर तोंडाला लावून हसत होत्या. वर्ध्याला दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून दुपारभर बोलत राहिल्या. घरमालक आणि मी ओसरीवर बसून होतो. गळती पुष्कळ कमी झाली, पुरती कधीच थांबली नाही. पण त्यानंतर दर रविवारी गाडी वर्ध्याला गेली. दोन महिन्यांनी बहीण वारली. "भेटी त झाल्या," एवढंच घरमालक बोलले.

पुढं माझी बदली झाली. मला स्टेशनवर सोडायला ते आले. रेल्वे सुटायच्या बेतात असताना खिडकीशी येऊन म्हणाले, "मास्तर, तिकडचा घरमालक चांगला निघाला, तरी पत्रात त्याची तारीफ नोका करू."

त्यानंतर मी चार घरं बदलली. ते होते तोवर त्यांना नेमानं पत्रं लिहिली. एकाही घरमालकाची तारीफ केली नाही, आणि त्यासाठी कधी खोटंही लिहावं लागलं नाही.