फुंकर मिस्त्रीची झडप

फुंकर मिस्त्री कुठलीही नळी हातात आली की आधी ओठांना लावत असे. पेट्रोलची असो, हवेची असो, गाल फुगवून फुंकायचा, मग डोळे मिटून कान द्यायचा आणि मग मालकाला शिवी घालायचा. त्याच्या मिशांना कायम पेट्रोलचा वास. बिडी पेटवून कुणी जवळ आलं की ओरडायचा, "लांब हो! माझं तोंड न्हाय हे, टाकी हाय." त्याचं खरं नाव सोलापुरात कुणी घेत नसे. तो तेलुगू विणकरांच्या घरातला, पण मागावर कधी बसला नाही. उमेदीची वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढली होती आणि दाब म्हणजे काय, हे तो तिथेच शिकला होता.

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्याच वयाचा एक म्हातारा म्हणाला, "ती टेंभुर्णीची मोटार फुंकर मिस्त्रीनं जाळली." सगळे हसले. मी जिलबी खात राहिलो. घरी आल्यावर मात्र अंगाची आग झाली. मिस्त्री मरून किती वर्षं झाली, आणि ही माणसं अजून त्याला जाळतात! पण त्या म्हाताऱ्यावर मी कशाला चिडू? त्याने जे ऐकलं तेच सांगितलं. ते खोटं पहिल्यांदा बोललेलं तोंड माझं आहे.

मोटार माझ्या मामांची. कुठल्याशा संस्थानिकाने टाकून दिलेली जुनी, लांबलचक गाडी त्यांनी घेतली, मागचं अंग कापलं, सांगाडा वाढवला, वर लाकडी खोका चढवला आणि सोलापूर–टेंभुर्णी सर्व्हिस सुरू केली. मी ड्रायव्हर. या गाडीत पेट्रोल आपोआप इंजिनाकडे येत नसे. टाकी मागे, खाली. ड्रायव्हरने हातपंपाने टाकीत हवा भरायची, त्या हवेच्या दाबाने पेट्रोल पुढे यायचं. गाडी लांबवली तशी नळीही लांबवली, मध्ये डाग देऊन जोडली. तेव्हापासून सीना नदीवरची फरशी ओलांडून चढणीला लागलं की दाबाचा काटा खाली यायचा, इंजिन खोकायचं आणि पॅसेंजर खाली उतरून ढकलायचे.

मामांनी तीनदा पंप बदलला. चौथ्यांदा मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. रिठ्याचा फेस वाटीत घेतला, मला तेलुगूत 'काय रे' म्हणावं तसं म्हणाला, "एमय्या डायवर, हान पंप," आणि नळीच्या प्रत्येक सांध्यावर बोटाने फेस लावत मागे गेला. टाकीच्या झाकणावर बुडबुडे आले. आतलं चामडं वाळून चिरलं होतं. विहिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं कापून त्याने नवी चकती बसवली आणि मामांना म्हणाला, "मालक, तीन पंप घेतलं. त्या पैशात झाकनाकडं एकदा बघाया काय लागत हुतं?"

काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. "काटा खोटं बोलतो, वारं बोलत न्हाय," म्हणायचा. आणि आम्हा ड्रायव्हरांवर तर मुळीच नव्हता. चढण दिसली की आम्ही भीतीने पंप मारतच सुटायचो. म्हणून त्याने टाकीवर पितळेची एक छोटी झडप स्वतः घडवून बसवली. दाब जास्त झाला की तिच्यातून जादा हवा सूं करून निघून जायची. मला शिकवलं, "ही बोंबलली की समज, तुझं चुकलं. आन कुटं आग लागली तर पैलं झाकन सोड. वारं गेलं की पेट्रोल थांबतं." तेव्हापासून मी निर्धास्त झालो. चढणीच्या पायथ्याशी डोळे मिटून चाळीस वेळा पंप मारायचो. जास्तीचं ती झडप सोडून द्यायची.

मामांना तो आवाज सहन होत नसे. पॅसेंजर चेष्टा करत, "मालक, बाकड्याखाली नाग पाळलाय की काय?" घाबरट माणसं दुसऱ्या मोटारीत जाऊन बसत.

खंडेनवमीच्या सकाळी झडपेत कचरा अडकला. ती मिटेना. पंप मारावा तेवढी हवा निघून जायची. दसऱ्यासाठी गावाकडे निघालेल्या माणसांनी मोटार भरलेली होती. मी मिस्त्रीकडे धावलो. त्याच्या पाटावर पाने, हातोडी, कानस हळद-कुंकू लावून मांडली होती.

"आज हत्यार उचलत न्हाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी उघडून फुंकतो. आज मोटार जायची न्हाय."

"माणसं बसलीत मिस्त्री."

"मग उतरीव की त्यास्नी!"

मामा गल्ल्याच्या पेटीवर बसले होते. म्हणाले, "ती बोंबलणारी पुंगी बंद कर आणि नीघ. पूर्वी नव्हतीच ना ती?"

मी एक चिंचोका घेतला, त्याला गिरणीचं सूत गुंडाळलं, झडपेच्या भोकात अंगठ्याने दाबून बसवला आणि वरून सुताने आवळून बांधला. हत्याराला हात लावला नाही! सणाचा नियम पाळल्याचं समाधानसुद्धा मला वाटलं, इतका मी गाढव.

सीनेच्या चढणीला सवयीने चाळीस वेळा पंप मारला. काटा कुठे गेला ते पाहिलं नाही. नळीचा डाग दिलेला सांधा फुटला आणि पेट्रोलची चिळकांडी तापलेल्या सायलेन्सरवर उडाली. जाळ दिसताच मी उडी मारून पळालो. झाकण सोडायचं मला माहीत होतं. मी पळालो. मोहोळचा एक शिंपी मागे बसला होता. त्याने तापलेली कडी दोन्ही हातांनी ओढून मागची फळी उघडली, म्हणून माणसं वाचली. त्याच्या हातांनी पुन्हा सुई धरली नाही.

फौजदार चौकशीला येण्याआधी मामांनी मला बाजूला घेतलं. "तुझं लायसन जाईल, माझी सर्व्हिस जाईल. मिस्त्रीचं काय जायचंय? तो काय आपल्यातला आहे?"

सणाचे कपडे घातलेला मिस्त्री जळक्या टाकीपाशी आला. झडप काढली, ओठांना लावली, फुंकली. गाल फुगले, पण हवा जाईना. त्याने काडीने टोकरून काळा पडलेला चिंचोका तळहातावर घेतला आणि असा ओरडला की फौजदारसुद्धा दचकला. "हे माझं काम न्हाय! म्या भोक ठिवलं हुतं! ह्या डायवरला इचारा!"

फौजदाराने मला विचारलं. मी म्हणालो, "टाकीला मिस्त्रीशिवाय कुणी हात लावत नाही, साहेब."

"माझ्याकडं बघून सांग की रं!" मिस्त्री म्हणाला.

मी फौजदाराकडे पाहत तेच वाक्य पुन्हा म्हणालो. माझ्या अंगठ्याला अजून सुताचा वळ होता.

त्याच्यावर खटला उभा राहिला नाही, पण सोलापुरात एकाही मोटारवाल्याने त्याला पुन्हा बोनेट उघडू दिलं नाही. तो सगळ्यांशी भांडला. दारोदार जाऊन झडप दाखवायचा, तेव्हा लोक म्हणायचे, चोर तो चोर आणि वर शिरजोर. ज्यांच्या गाड्या त्याने फुंकून चालू केल्या होत्या, तेच लोक! मला त्यांचा आजही संताप येतो. पण माझ्या संतापाला किंमत काय?

काही वर्षांनी कळलं, तो कुर्डुवाडीला स्टेशनबाहेर स्टोव्ह दुरुस्त करत बसतो. मी घरचा स्टोव्ह पिशवीत घालून गेलो. भोवती चार-पाच हमाल गप्पा मारत होते. मिस्त्रीने वर न बघता स्टोव्ह घेतला, पंप मारला, कान लावला.

"ह्यात काय बी बिघाड न्हाय," तो म्हणाला आणि त्याने मान वर केली. बराच वेळ बघत राहिला. "एमय्या डायवर. कशाला आलास?"

"असंच मिस्त्री. इकडून चाललो होतो."

"चिंचोका कुनी घातला, येवढं सांग. ह्या मानसांम्होरं सांग. मला दुसरं काय नको तुझं."

हमाल माझ्याकडे वळले. मी त्यांच्याकडे पाहिलं, स्टोव्ह उचलला आणि म्हणालो, "माझी गाडी आली."

गाडीला अजून अर्धा तास होता. त्यालाही ते माहीत होतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभा राहिलो तरी त्याच्या शिव्या मला ऐकू येत होत्या. त्यातली एकही शिवी चुकीची नव्हती.

मिस्त्री, चिंचोका मी घातला.