निरोपाच्या सभेतलं गाऱ्हाणं

आता ऐकाच, आणि ऐकून झालं की मला शहाणी म्हणणं बंद करा. आमच्याकडे आज जे आमदार आहेत ना, ते माझ्यामुळे आहेत. होय, माझ्यामुळे! आणि गंमत म्हणजे मी त्यांची कट्टर विरोधक आहे.

बाबलदादा! आधी सरपंच, मग जिल्हा परिषद, मग आमदार. पक्ष इतके बदलले की घरावरचा झेंडा उतरवायची शिडी भिंतीला कायमचीच टेकवून ठेवलेली. दर निवडणुकीला तोंडवलीच्या किनाऱ्यावर येणार आणि नव्या जेटीचा नारळ फोडणार. खोबरं आम्ही खाल्लं, जेटी कुणी खाल्ली देव जाणे! माझी आई अजून कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर माशांची पाटी घेऊन किनाऱ्याला लागते.

आणि एक दिवस बातमी आली, दादा राजकारणातून निवृत्त होतायत! गावात दिवाळीच. माझे काका तात्या म्हणजे गावातले पुढारी. त्यांनी तातडीने देवळासमोर निरोपाचा सत्कार ठरवला. दादांच्या जीवनकार्याचा परिचय मी करून द्यायचा. का? तर मी एम. ए.!

"मी जेटीचं विचारणार," मी म्हटलं.

"काय एक नको!" तात्या म्हणाले. "गोड बोल, शाल घाल नि जावंदे तेका. माणूस आपल्या पायान चल्लो आसा, तू कित्याक अडवतंस?"

बघा! ही पिढीच अशी. माणूस जातोय म्हणून त्याला जाब विचारायचा नाही? माझं डोकं असं तापलं! पण सरळ विचारायला लागले तर तात्या माइक हिसकावणार, हे नक्की.

मग सुचलं. गाऱ्हाणं! आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकार, म्हणजे गावचा मानकरी, एकेक वाक्य म्हणतो आणि सगळे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" ते एकदा सुरू झालं की मध्ये थांबवायची कुणाची छाती नाही.

सभेत मी माइक धरला. दादा खुर्चीत, अंगावर शाल.

"बा देवा बाबलदादा!"

तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"तू सरपंच झालंस, आमदार झालंस!"

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीने ओरडलं.

"ह्या पक्षातसून त्या पक्षात गेलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"दर येळाक जेटीचो नारळ फोडलंस, पन एक दगड टाकूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

काय तो आवाज! मागे बसलेल्या मासेवाल्या मावश्या तर सगळ्यांच्या वर. मला वाटलं, क्रांती झाली.

आणि इथेच घात झाला. लहानपणापासून ऐकलेलं गाऱ्हाणं ते. तोंड एकदा त्या उताराला लागलं की ब्रेक कुठला लागायला? डोकं म्हणतंय, बाई थांब. तोंड आपलं पुढेच.

"काय चुकला-माकला तां पोटात घाल! आमका सोडून जाव नको! जां काय केलंस, तेच्या एकाचे एकवीस कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं, आपण काय मागून बसलो ते.

दादा उठले. डोळ्यांत पाणी. खरं पाणी हो! "मी चल्लो होतंय," ते म्हणाले, "पन गावान गाऱ्हाणा घातल्यार देव तरी पाठ फिरवता काय?" आणि अंगावरची शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली.

तात्या माझ्या कानाशी आले. "गो बाये, तिरडेर बांधलेला मढा उठवलंस गो तू!"

दादांना माइक लागत नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि गर्जले, "मगे मी परत उभो रवू, म्हाराजा?"



गाव शेवटी शहाणं झालं होतं. तात्या माडाच्या शेंड्याकडे बघत बसले. मावश्यांनी तोंडात पदर कोंबले. एकाचे ओठ हलतील तर शपथ! दादांचे हात वरच्या वर लटकलेले. आणखी एक क्षण, आणि ते मुकाट्याने घरी गेले असते.

तेवढ्यात लाउडस्पीकरवरून एकच आवाज खणखणला.

"व्हय म्हाराजा!"

माइक अजून माझ्याच हातात होता.