हाकेतली वेलांटी

माझी मावशी एकतीस वर्षं एकाच पुस्तकाची प्रुफं तपासत होती. छापखाना लहान, चर्चच्या मालकीचा. तिथे भजनांची पुस्तकं निघायची, लग्नपत्रिका निघायच्या, पण मुख्य काम पवित्र शास्त्राचं. दर चार-पाच वर्षांनी नवी आवृत्ती निघायची आणि दर आवृत्तीला मावशी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर न् अक्षर वाचायची. असं तिने सहा वेळा केलं होतं आणि सातवी खेप चालू होती. चर्चच्या अख्ख्या मंडळीत एवढं वाचलेलं दुसरं कोणी नव्हतं, पाळकसुद्धा नाहीत. तरी तिची तक्रार एकच होती. देव तिच्याशी एकदाही बोलला नव्हता.

तिची कामाची पद्धत आधी सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. प्रुफं तपासायला दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोरच्या प्रुफावर पेन्सिल सरकवत ऐकायचं. आमच्याकडे वाचायचं काम माझं. शाळेतली नोकरी मी मुख्याध्यापिकेशी भांडून सोडली तेव्हा मावशीनेच मला तिथे चिकटवलं, त्याला अकरा वर्षं झाली. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं: शब्द, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, आणि शंका येईल तिथे वेलांटी पहिली की दुसरी, तेही. आवाज सपाट ठेवायचा. सुरुवातीला मी वर्गात वाचायचे तसं रंगवून वाचायला लागले, तर मावशी म्हणाली, "नाटक नको. तू रंगवलंस की मी ऐकत बसते, आणि ऐकत बसलं की चूक निसटते." त्यामुळे समुद्र दुभंगला तोही आम्ही दोघींनी स्वल्पविरामांसकट, अजिबात न हलता दुभंगवला.

एका रविवारी पाठ वाचणारे गृहस्थ आजारी पडले म्हणून पाळकांनी उपासनेत मावशीला उभं केलं. ती चष्मा पुसत पुढे गेली आणि खणखणीत आवाजात स्वल्पविराम, अर्धविराम, सगळं वाचत सुटली. तिच्या ध्यानातच येईना. "अवतरणचिन्ह सुरू" म्हटल्यावर पहिल्या बाकावरच्या शिंप्याने तोंडाला रुमाल लावला. त्या दिवसापासून मंडळीत तिचं नाव स्वल्पविरामबाई पडलं ते पडलंच. ती काही चिडली नाही. घरी येताना काका रस्ताभर हसत होते आणि दर दहा पावलांवर थांबून "पूर्णविराम" म्हणत होते.

काका म्हणजे मावशीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करायचे. निळा डगला, खिशात पाना, नखांत कायमचं ग्रीस. शिक्षण बेताचं. रोज सकाळी चहा घेताना ते शास्त्रातली एक गोष्ट वाचायचे, ओळीखाली बोट ठेवून, तीनांतला एक शब्द चुकवत. मग पुस्तक मिटून तीच गोष्ट मावशीला सांगायचे, जणू तिने ती कधी ऐकलीच नाही.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट छप्पर फोडल्याची. एका लुळ्या माणसाला चौघे मित्र खाटेवर घालून प्रभूकडे आणतात, दाराशी गर्दी, आत शिरायला जागा नाही, म्हणून ते वर चढतात, छप्पर उचकटतात आणि खाट दोरांनी खाली सोडतात. काकांचा तर हा धंदाच. "चार दोर, चार माणसं," ते सांगायचे. "एकाने जरी घाई केली तरी खाट कलंडते. चौघांनी एकमेकांकडे बघत बघत सोडली असणार, इंचाइंचाने. आणि खाली प्रभू वर बघतोय. डोळ्यांत माती जातेय त्याच्या, पण बाजूला होत नाही."

"मूळ प्रतीत माती नाही," मावशी म्हणायची.

"छप्पर फोडल्यावर माती पडणार नाही तर काय फुलं पडणार?"

"असेल पडली. पण लिहिलेली नाही."

"तुला लिहिलेलंच दिसतं. अगं, मी परवा आठव्या मजल्यावर लिफ्टच्या खाचेत लटकून वर बघत होतो, तर भसकन माती डोळ्यांत. तेव्हा म्हटलं, हां, हा तोच. हाही असाच उभा होता. बोलला तो माझ्याशी तिथे."

"काय बोलला?"

"असं सांगता येत नाही," काका म्हणायचे आणि उरलेला चहा बशीत ओतायचे.

मावशीला तेव्हा हेवा वाटायचा. हे तिनेच मला सांगितलं, नंतर, अगदी स्पष्ट शब्दांत. ज्या माणसाला 'व्यवस्था' लिहिताना तीन खाडाखोडी कराव्या लागतात त्याच्याशी देव लिफ्टच्या खाचेत बोलतो, आणि ती इथे शब्दाशब्दाचा कीस पाडत बसलेली, तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

मागच्या वर्षी काका गेले. भरदुपारी, कामावर, जेवणाच्या सुट्टीत, पायरीवर बसल्या बसल्या. डबा अर्धा खाल्लेला होता. शास्त्र हाती धरून हसत हसत जावं असं काही घडलं नाही, नुसते गेले.

पाळक घरी आले. चांगला माणूस. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला आणि ज्यांचं मन मोडलंय त्यांच्याजवळ देव असतो, ते वचन म्हणून दाखवलं. मावशी मान हलवत म्हणाली, "डावं पान, दुसरा रकाना, तळापासून सातवी ओळ. मागच्या आवृत्तीत तिथला अनुस्वार उडाला होता." मला हसू फुटलं, पण ती चेष्टा करत नव्हती. तिला खरोखर तेवढंच दिसत होतं. सांत्वनाचं एकही वचन असं नव्हतं की ज्याची तिने कधीतरी डागडुजी केली नव्हती. प्रत्येक वचन तिला कारागिराच्या बाजूने माहीत होतं.

"विधानं मला सगळी पाठ आहेत," ती एकदा पाळकांना म्हणाली. "देव प्रेमळ आहे, देव विसरत नाही, देव सोडत नाही. खरी आहेत, मला शंका नाही. पण ती सगळ्यांसाठी लिहिलेली आहेत हो. माझ्यासाठी काय आहे?"

"बाई, तुम्ही पुस्तकाला तपासू नका," पाळक म्हणाले. "पुस्तकाला तुम्हाला तपासू द्या."

"म्हणजे नेमकं काय करायचं?" मावशीने विचारलं, आणि खरंच उत्तराची वाट बघत राहिली. पाळकांनी चहाचा कप उचलला.

तिने प्रयत्न मात्र जिवापाड केले. सकाळी काकांच्या खुर्चीवर बसायची, छप्पर फोडल्याची गोष्ट काढायची. पेन्सिल मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवायची. तरी उजवा हात टेबलावर चाचपडत राहायचा. मी कधी लवकर पोचले तर ती तशीच बसलेली दिसायची, पान उघडं, डोळे मिटलेले.

"दिसते का गं तुला माती?" तिने मला एकदा विचारलं.

मी म्हटलं, मला काहीच दिसत नाही, मला उपासनेतसुद्धा फक्त मागच्या बाकावरच्या बायकांची कुजबुज ऐकू येते. ती हसली नाही.

"मी खाटेपर्यंत जाते," ती म्हणाली. "त्या चौघांच्या अगदी मागे जाऊन उभी राहते. आणि मग मला तिथे जोडाक्षर दिसतं. हे म्हणायचे ना, असं सांगता येत नाही. मला सांगायला नकोच आहे. मला एकदा ऐकायचं आहे. एकच शब्द बोलला तरी चालेल."

त्या दिवशी मी देवावर मनापासून रागावले. एका बाईने एकतीस वर्षं तुझ्या एकेका अनुस्वाराची राखण केली, आणि तुला तिच्यासाठी एक शब्द सुचू नये? एखादा माणूस असा वागला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

त्यात ही तिची शेवटची आवृत्ती होती. पुढच्या वर्षापासून तपासणी संगणक करणार, असं व्यवस्थापकांनी तिला अदबीने सांगितलं होतं. जसजशी पानं मागे पडत होती तसतशी ती हळू होत चालली होती. आधी दिवसाला चाळीस पानं व्हायची, आता वीसही होत नव्हती. मी तिला घाई करत नव्हते. मला कळत होतं की ती प्रत्येक पानाला एक संधी देतेय.

एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, आम्ही कबरेजवळच्या बागेच्या गोष्टीवर आलो. काचेपलीकडे यंत्र खडखडत होतं. मी नेहमीसारखी सपाट वाचत होते. भल्या पहाटे एक बाई कबरेपाशी येते, कबर रिकामी आहे, ती रडते आहे, स्वल्पविराम. ती मागे वळते, कोणीतरी उभं आहे, तो प्रभू आहे हे तिला कळत नाही, पूर्णविराम. तिला वाटतं हा माळी. ती त्यालाच विचारते, तू त्याला कुठे नेऊन ठेवलंस ते सांग, मी घेऊन जाईन. आणि मग तो काही समजावत नाही, खुलासा करत नाही, वचन म्हणत नाही. तो फक्त तिचं नाव घेतो.

मी ते नाव वाचलं आणि सवयीने पुढे म्हटलं, "पहिली वेलांटी, उद्गारचिन्ह, अवतरण बंद."

पेन्सिल थांबली.

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, त्या बाईचं आणि माझ्या मावशीचं नाव एकच. आमच्यात ते नाव पुष्कळींचं असतं, त्यात विशेष काही नाही. दुसरी, त्या नावातली वेलांटी एरवी दुसरी, पण त्या नावाने हाक मारली की व्याकरणाप्रमाणे ती पहिली होते. म्हणजे हाकेत ते नाव आखूड होतं. मूळ प्रतीत ते बरोबर आखूड होतं. प्रुफात मात्र अक्षरं जुळवणाऱ्याने चूक करून दुसरीच वेलांटी ठेवली होती, लांब.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाली.

मी नाव वाचलं. "पहिली वेलांटी, उद्गार..."

"चिन्हं नकोत. नुसतं वाच." आणि तिने प्रुफ फिरवून माझ्यासमोर सरकवलं, नखाने जागा दाखवली. "इथे आहे तसं."

अकरा वर्षांत तिने मला प्रुफ वाचायला सांगितलं नव्हतं. मी वाकले. तिथे आहे तसं वाचायचं म्हणजे मधला स्वर लांबवावा लागला, आणि लांबवला की ते वाचणं राहत नाही, ती हाक होते. आवाज सपाट ठेवणं मला जमलं नाही. काका किल्ल्या विसरले की जिन्याखालून तिला अशीच हाक मारायचे, मधला स्वर ताणून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी. मावशी, बाई, मॅडम, स्वल्पविरामबाई, तिला नावं पुष्कळ होती. त्या एका नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं, आणि त्याला जाऊन चौदा महिने झाले होते.

"ओ," मावशी म्हणाली.

आतल्या खोलीतून हातातलं काम न टाकता माणूस म्हणतो तसं, सहज. म्हणून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. तिने एक हात टेबलावर टेकला आणि प्रुफाकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. पानावर पडलं तरी पुसलं नाही, आणि तिच्या पानावर चहाचा कप ठेवल्याबद्दल तिने पूर्वी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. मी यंत्राच्या खडखडाटाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, की बाबा, दोन मिनिटं गप्प राहा.

"मलाही तो माळीच वाटत होता गं," ती म्हणाली.

असं सांगता येत नाही, हे मला तेव्हा पटलं.

मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, पेन्सिल उचलली आणि त्या दुसऱ्या वेलांटीवर काट मारून समासात पहिली काढली, नेहमीसारखी बारीक, नीटनेटकी. मला वाटलं होतं ती निदान ही एक चूक तशीच ठेवेल. मी म्हटलंसुद्धा, "राहू दे की, मावशी."

"छापायला ऱ्हस्वच पाहिजे," ती म्हणाली. "पण त्याने दीर्घ म्हटलं."

त्याने म्हणजे कोणी, ते मी विचारलं नाही. "वाच पुढे," ती म्हणाली, "पण जरा सावकाश वाच," आणि मी वाचायला लागले.