इशिगाकीच्या गुहेबाहेर

यजमान गेल्यानंतर वर्षभराने सिंगापूरच्या मुलाने मला बळेच बरोबर नेलं. तो, सून, दोन नातवंडं आणि मी असे पाचजण तैवानहून जपानी बेटांकडे जाणाऱ्या जहाजात बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज इशिगाकी नावाच्या बेटाला लागलं. दिवस जमिनीवर काढायचा आणि पाचच्या आत जहाजावर परतायचं, असं ठरलेलं.

बंदरावरून बस केली. दुतर्फा ऊस, लाल कौलांची बसकी घरं, कुंपणाला जास्वंद. पोरं मोबाइलमध्ये. मी एकटीच बाहेर बघत होते. इतक्या दूर येऊन ऊस बघायचा, याचं हसू आलं, पण सांगायचं कुणाला? असं काही सांगायचे ते यजमानांनाच.

बस एका गुहेपाशी थांबली. आत ओल, निसरड्या पायऱ्या. मुलाने मला समोरच्या दुकानातल्या बाकावर बसवलं.

"आई, तू इथंच बस. कुठं जाऊ नको. आम्ही तासाभरात येतो."

चौघं आत गेली. दुकानातल्या बाईने हसून माझ्या हातावर काळ्या गुळाचा खडा ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली. मी तो हातात धरून बसले. 'इथंच बस, कुठं जाऊ नको.' याआधी हे मला वडील सांगायचे.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचं हैदराबाद अजून निजामाचं होतं. गावात भीती होती आणि लोक घरं सोडून चालले होते. आईने तान्ह्या भावाला घेऊन काचीगुड्याहून मनमाडची गाडी धरली, मामाकडे जायला. मला नेमक्या कांजिण्या निघालेल्या. गाडीत घेणार नाहीत म्हणून मी मागे राहिले. वडील महसूल खात्यात कारकून होते, त्यांना रजा नव्हती. मी बरी झाले तोवर माणसं पाठवायची सोयच उरली नाही. रोज सकाळी निघताना ते म्हणायचे, "आतून कडी लाव. कुणी कितीही हाका मारल्या तरी किवाड उघडू नको."

बरकतपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत मी दिवसभर एकटी असे. मागच्या अंगणाच्या भिंतीतली एक वीट निखळली होती. पलीकडे एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्या बाईंना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्या दुपारी भोकाशी यायच्या. साखर लावलेली पोळी गुंडाळून आत सारायच्या. मी रडायला लागले की म्हणायच्या, "रो नक्को बेटी, मैं इधरिच हूँ." मला त्यांचे फक्त डोळे आणि बोटं माहीत होती.

मग भारताची फौज आली. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. आमच्या गल्लीत पेढे वाटले. भिंतीपलीकडे मात्र सामसूम झाली. खालांचे यजमान निजामाच्या पोलिसात होते. ते घरी आलेच नाहीत, एवढं वडिलांच्या बोलण्यातून कळलं.

त्यानंतर दोन दिवसांनी भरदुपारी आमचं दार वाजलं.

"बेटी, मैं हूँ. किवाड खोल."

आवाज खालांचा होता. मी धावत दाराशी गेले, कडीला हात लावला आणि थांबले. उघडू नको, म्हणून सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा, अगदी हळू. मी कडी काढली नाही. पावलं लांब गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप होतं. वडील म्हणाले, "गेले ते." कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात आई परत आली आणि वडिलांनी भिंतीतलं भोक चुन्याने बुजवलं. दाराची गोष्ट मी दोघांनाही सांगितली नाही.

तासाचे दोन तास झाले. चौघं बाहेर आली, केस ओले, गालांवर लाली. "कंटाळलीस का गं?" मुलाने विचारलं. का कोण जाणे, बसमध्ये बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने ऐकलं. माझा हात दाबला. "आठ वर्षांची होतीस, आई. तुझी काय चूक?" यजमानही हेच म्हणाले होते. चूक नव्हती हे मलाही कळतं. मग सुनेने छत्री राहिली म्हणून ओरडून सांगितलं आणि तो उठून ड्रायव्हरकडे गेला.

पुढच्या सीटवरून नातीने मान वळवली. तिला मराठी वाचता येत नाही, पण समजतं, आणि ती ऐकत होती.

"पण आजी, तिला पाहिजे काय होतं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाणी? पैसे? मुलांना लपवायला जागा? की जाताना फक्त मला एकदा बघायचं होतं?

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

ती कानात हेडफोन घालून पुढे वळली.

पाचला जहाज सुटलं. सगळे जेवायच्या हॉलकडे गेले. मी भूक नाही म्हणून कठड्याशी थांबले. बेट दिसेनासं व्हायला फार वेळ लागला नाही.