फोटोखालची पाटी

मढच्या राऊतांच्या वाडीत अनंताने अडतीस वर्षं माळीकाम केलं. लेखक विद्याधर राऊत यांच्या पणजोबांनी खाडीकाठी नारळ लावले, आजोबांनी बंगला बांधला आणि विद्याधरांनी तिथे बसून आयुष्यभर लिहिलं. ते गेल्यावर मुलांनी बंगला शूटिंगला दिला. पाच वर्षं तिथे खोटी लग्नं लागली, खोटे खून पडले. मग एका संस्थेने संग्रहालय केलं आणि अनंताला निळा शर्ट देऊन रखवालदार नेमलं. मोठा माणूस चाळीस पुस्तकं लिहून गेला. झाडांना पाणी कोण घालत होतं, ते एकातही नाही. असो.

संस्थेच्या श्रुतिकाने त्याला जुन्या फोटोंतली माणसं ओळखायला बसवलं होतं. ओटीवरच्या फोटोतले सगळे राऊत त्याने घडाघडा सांगितले. कडेला ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईपाशी मात्र तो अडला. "ती कामाक होती," एवढंच म्हणाला.

ती त्याची बायको. त्याच्या गावाकडे नवराही बायकोचं नाव घेत नसे. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे जन्मभर "अगो" म्हणूनच हाक. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे अमक्याची आई म्हणायचीही सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती इस्पितळात वारली, तेव्हा नाव विचारल्यावर त्याने तिचं आधार कार्ड पुढे केलं होतं.

आता फोटोखाली राऊतांची नावं होती आणि शेवटी 'कामवाली'. दहा ते सहा अनंता त्या पाटीसमोर उभा असे. लोक वाचत आणि पुढे जात. खोलीवर बोलायला कुणी नव्हतं. आपणच तिला परकी केली, याची त्याला लाज वाटे. जेवण गोड लागत नसे.

एका सोमवारी संग्रहालय बंद असताना तो श्रुतिकाच्या टेबलाशी गेला.

"मॅडम, ती पाटी बदला. माझी बायको ती."

"अहो काका, तेव्हाच सांगायचं ना! नाव सांगा, आजच छापायला टाकते."

अनंताला तिचं आधार कार्ड आठवलं. कार्ड आणून दाखवता आलं असतं. पण पुन्हा तिला कार्डामागे लपवणं त्याच्या जिवावर आलं.

"कमल," तो म्हणाला.

श्रुतिकाने लिहून घेतलं. अनंता तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांनी त्याने तिला नावाने हाक मारली होती, आणि ओ द्यायला ती नव्हती.