देवरेबाईंची पामबाग आणि लिकुआलाचा शेंडा

देवरेबाईंची आणि माझी पहिली भेट सात वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात झाली. तारीख मी तेव्हा लिहून ठेवली नाही, याची आता रुखरुख वाटते. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेतली जुनी शेडनेट बाईंनी घेतली होती आणि ती एकलहऱ्याच्या रस्त्यावरील त्यांच्या बागेत बांधून द्यायला माझे मामा व मी आलो होतो. मामा वर चढून दोर ओढत आणि मी खाली खांबाला गाठ मारी. मधल्या वेळात मी झाडांच्या पाट्या वाचत होतो. एका पाटीवर 'बिस्मार्किया' असे होते आणि चार झाडे सोडून तशाच दुसऱ्या झाडाच्या पाटीवर 'बिस्मारकिया'. मी ते बाईंना सांगितले. यातले बरोबर कोणते, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ते मला माहीत नाही, पण एक तरी चूक असणार. बाईंनी चष्मा पुसून दोन्ही पाट्या पाहिल्या, मग माझे गाव विचारले. सुरगाण्याकडचा, म्हणून सांगितले. तिकडे पाऊस किती पडतो, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. कामाला आलेल्या माणसाला पावसाबद्दल कोणी विचारत नाही, त्यामुळे मी गोंधळलो आणि पुष्कळ पडतो, एवढेच बोललो. पुढच्या आठवड्यात त्यांनी मामांकडे निरोप पाठवून मला बागेत कामाला बोलावले.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी बहुतेकांना बाई भूगोलाच्या शिक्षिका म्हणून माहीत आहेत. बागेतही त्या भूगोलच शिकवतात. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जगाचा जुना शालेय नकाशा टांगलेला आहे आणि प्रत्येक पामच्या मूळ गावी एक टाचणी आहे. नवीन रोप आले की बाई आधी त्याचे गाव शोधतात, तिथे पाऊस किती, ऊन किती, थंडी पडते का, हे बघतात आणि मग बागेतला कोपरा ठरवतात. आपल्याकडचा भेर्ली माड आणि शिंदी मोकळ्यावर असतात. दमट बेटांवरून आलेले पाम शेडनेटखाली, पाण्याच्या टाकीजवळ असतात. नाशिकची थंडी या बेटांवरच्या झाडांना सोसत नाही. म्हणून डिसेंबर लागला की बाईंच्या माहेरून, देवळ्याहून, कांद्याच्या जुन्या गोण्या येतात आणि आम्ही लहान पाम त्यांत गुंडाळतो. जानेवारीत बाग बघायला येणारे लोक नाक वर करून विचारतात की इथे कांदा कुठे साठवला आहे.

बागेत पामच्या जाती किती, याबद्दल या ग्रंथात एकवाक्यता नाही. एका लेखात ऐंशी, दुसऱ्यात शंभरावर, तिसऱ्यात एकशे आठ असा आकडा आहे. दरवर्षी दिवाळीनंतर मोजणी मी करतो. तरीही मी आकडा लिहीत नाही, कारण तीन झाडांबद्दल माझी अजून खात्री झालेली नाही. बाईंना विचारले तर त्या म्हणतात, जिवंत आहेत तेवढ्या.

बाईंचे यजमान अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. त्यांना या बागेचे कौतुक आहे, पण ते दाखवण्याची त्यांची पद्धत वेगळी आहे. उन्हाळ्यात पाहुण्यांना बाग दाखवताना ते हमखास सांगतात, "हिच्या झाडांच्या सावलीत उभं राहायचं तर माणूस पाइपाएवढा बारीक लागतो." बाई मग पाहुण्यांबरोबर अण्णांनाही पुढच्या झाडाकडे नेतात.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. द्राक्षाच्या हंगामात घरचे सगळे कामाला बाहेर पडत, त्यामुळे शाळेत खाडे व्हायचे आणि पुढे शाळाच सुटली. बाईंनी मला बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून दहावीला बसवले. रोज दुपारी जेवणानंतर तासभर त्या मला शिकवत. मराठीत मला चांगले गुण मिळाले. गणितात मी दोनदा नापास झालो. दुसऱ्या निकालाच्या दिवशी बाईंनी गुणपत्रिका पाहिली, घडी घालून मला परत दिली आणि वेताच्या रोपांना पाणी दिले का, एवढेच विचारले. त्या विषयाबद्दल त्या पुन्हा कधीही बोलल्या नाहीत. मराठीच्या गुणांवरूनच या ग्रंथातले लेख तपासण्याचे काम गौरव समितीने मला दिले. बाईंच्या स्वभावाचे पैलू दाखवावेत आणि प्रत्येक पैलूला एखादा प्रसंग द्यावा, अशी समितीची सूचना आहे. इथपर्यंत मी ती पाळली आहे. पुढचा प्रसंग कोणत्या पैलूखाली घालावा, हे मला बरेच दिवस कळलेले नाही.

बागेत लिकुआला नावाचा एक पाम होता. त्याचे पान गोल, चुण्या पाडलेल्या पंख्यासारखे असते. बाईंनी तो बियांपासून वाढवला होता. केरळच्या सहलीत एका माळ्याने त्यांना तीन बिया दिल्या होत्या, त्यातली एकच उगवली. सतरा वर्षांत झाड माझ्या छातीपर्यंत आले होते. नाशिकच्या कोरड्या हवेत ते जगले, याचे लांबच्या पामप्रेमींनाही नवल वाटे.

मी कामाला लागलो त्याच वर्षी मे महिन्यात बाई आणि अण्णा भाच्याच्या लग्नासाठी दहा दिवस देवळ्याला गेले. जाताना बाई मला म्हणाल्या, तुझी स्वतःची बाग समजून बघ. मला तोपर्यंत एकच बाग कळत होती, द्राक्षाची. द्राक्षात शेंडा मारला, म्हणजे वाढणारे टोक खुडले, की बाजूने फूट येते आणि वेल भरतो. ते काम मी लहानपणापासून केले होते आणि माझा हात चांगला समजला जाई. लिकुआला इतक्या वर्षांत एकाच खोडाने सरळ वर जात होता. मला वाटले, याचा शेंडा कोणी मारलाच नाही. मी कात्री धुऊन घेतली, मधले मिटलेले पान कापले आणि टोक नीट सापडेना म्हणून बोटभर खोल गेलो. आत पांढरा, कोवळा कोंभ होता, तोही काढला. जखमेवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. काम स्वच्छ झाले होते.

बाई परत आल्यावर मी त्यांना स्वतःहून तिकडे नेले. त्यांनी हातातली पिशवी मातीवर ठेवली, वाकून त्या निळ्या पेस्टवर बोट ठेवले आणि हे कधी केले, असे विचारले. सोमवारी, मी म्हणालो, आता दोन-तीन फुटवे येतील.

"याला फुटवा नसतो, हिरामण," त्या म्हणाल्या. "एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं."

मी म्हणालो, पण पाने तर सगळी हिरवी आहेत. त्या म्हणाल्या, "अजून वर्षभर हिरवी दिसतील."

आणि तसेच झाले. चौदा महिने ती पाने हिरवी होती. मी रोज त्या झाडाला पाणी घालत होतो आणि आपण जिवंत झाडाला पाणी घालतो आहोत की मेलेल्या, हे मला कळत नव्हते. बाईंनी पाणी बंद कर असेही सांगितले नाही आणि चालू ठेव असेही नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-पुण्याचे काही पामप्रेमी खास लिकुआला बघायला आले. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी शेंड्याकडे पाहिले आणि हा खाटीकपणा कोणी केला, असे मोठ्याने विचारले. मी चार पावलांवर पाइप धरून उभा होतो. मी तोंड उघडले होते.

"मी," बाई म्हणाल्या. "द्राक्षाच्या मुलखात राहून शेंडा मारायची सवय लागली."

सगळे हसले. ते गृहस्थही हसले. मला बाईंनी चहाचे सांगायला घरात पाठवले.

या ग्रंथातल्या अकरा लेखांपैकी चार लेखांत हा प्रसंग आला आहे. एका लेखात बाईंच्या डोळ्यांत पाणी आहे, दुसऱ्यात त्यांनी चुकांच्या महत्त्वावर सर्वांसमोर भाषण केले आहे. चारही लेखकांनी तो बाईंच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून दिला आहे. मी ते लेख तपासले. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, विरामचिन्हे नीट केली. चौथा लेख झाल्यावर मला पुढचा हातात घेववेना. मी बाईंकडे गेलो. त्या बाहेरच्या ओट्यावर बिया निवडत बसल्या होत्या.

"बाई, चार लेखांत लिकुआला आलाय."

"शब्द बरोबर लिहिलाय का?"

"शब्द बरोबर आहे. गोष्ट चूक आहे."

त्या बिया निवडत राहिल्या. मग त्यांनी विचारले, त्या दिवशी मी कोणासाठी बोलले असं तुला वाटतं? मी म्हणालो, माझ्यासाठी.

"थोडं तुझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "जास्त माझ्यासाठी. तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तीन महिन्यांच्या नव्या माणसाला काही न शिकवता तुम्ही लग्नाला कशा गेलात? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी केलं म्हटल्यावर विषय मिटला. आता खोटं बोलून प्रामाणिक ठरले, ते एक होऊन बसलंय."

मग हे मी लिहू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, लेख तुझा आहे, छापण्याआधी मी तो वाचणार नाही.

सात वर्षे मी समजत होतो की बाईंनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली. त्या म्हणतात, त्यांनी स्वतःची चूक झाकली. दोन्ही एकाच वेळी खरे असेल तर त्याला दया म्हणावे, प्रामाणिकपणा म्हणावे की यातले काहीच म्हणू नये, हे मला ठरवता येत नाही. एवढे मात्र मी पाहिले आहे की त्या जूननंतर बाईंनी आधी नीट न समजावता एकही झाड माझ्या हाती दिले नाही. प्रत्येक पामपाशी मला उभे करून त्यांनी त्याचे टोक कुठे आहे ते दाखवले आणि माझे बोट धरून तिथे टेकवले. त्याला पूर्ण पावसाळा लागला.

हा प्रसंग आताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. बाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि या वर्षी त्या व अण्णा शहरात मुलीच्या शेजारी राहायला जाणार आहेत. बागेची जबाबदारी कोणाकडे द्यायची, हे बाईंनी गौरव समितीवर सोपवले आहे आणि समिती ते अमृतमहोत्सवाच्या समारंभानंतर ठरवणार आहे. काही सदस्यांच्या मते ती मला द्यावी, काहींच्या मते कृषी पदवी घेतलेला माणूस नेमावा. मला ती हवी आहे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे. मला या झाडांशिवाय दुसरीकडे कुठे जायचे ते सुचत नाही. समितीतले सगळे हा ग्रंथ वाचणार आहेत. ज्याने बागेतला सगळ्यात दुर्मीळ पाम मारला त्याच्याकडेच बाग द्यायची का, हे त्यांनी ते माहीत असताना ठरवावे, असे मला वाटले. समितीचे अध्यक्ष पाटीलसर बाईंचे शाळेतले सहकारी. त्यांना मी हे आधी सांगितले. ते म्हणाले, बाईंच्या वक्तशीरपणावर लिहिलेस तर नाही का चालणार? अण्णा शेजारीच बसले होते. "राहू द्या पाटील," ते म्हणाले. "अर्जालाच कबुलीजबाब जोडणारा उमेदवार पुन्हा मिळायचा नाही."

त्यांनी हे माझ्या बाजूने म्हटले की विरुद्ध, ते मला समजले नाही. बाईंना समजले असावे, कारण त्या आत बसून हसल्याचे ऐकू आले.

शुद्धलेखनापलीकडे त्या चार लेखांना मी हात लावलेला नाही. ते ज्यांनी लिहिले त्यांनी बाईंवरच्या प्रेमाने लिहिले आहेत आणि त्यांना जे सांगितले गेले तेच लिहिले आहे. माझा लेख त्यांच्यासोबत छापला जावा, एवढीच विनंती आहे.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभावे, असे प्रत्येक लेखाच्या शेवटी आहे आणि तपासताना त्यात मला बदलण्यासारखे काही आढळले नाही. मी त्यात एवढेच जोडतो. बागेची किल्ली माझ्याकडे येवो की दुसऱ्या कोणाकडे जावो, निदान आठवड्यातून एकदा रिक्षा फाटकाशी थांबावी आणि बाई काठी टेकत आत याव्यात. ज्याच्या हातात कात्री असेल त्याने काही कापण्याआधी त्यांना विचारावे. आणि विचारायला बाई तिथे असाव्यात, अजून पुष्कळ वर्षे.